दंडातला दोरा

दोरा सगळ्यांत आधी दिसला तो पारबताबाईला. वर्षावासाचे शेवटचे दिवस होते. साकोलीच्या आमच्या विहारात संध्याकाळचं ग्रंथवाचन चाललं होतं. बाबा वाचत होते आणि माझा धाकटा भाऊ सुगत खांबाला टेकून बसला होता. कपाळावरचा घाम पुसायला त्यानं हात वर केला, शर्टाची बाही घसरली आणि दंडातला काळा दोरा उघडा पडला. दोऱ्याला लाल कापडाची चिमुकली पुरचुंडी होती.

"विशाखा, थे का हाये वो सुगतच्या दंडात?" पारबताबाई माझ्या कानाशी लागली.

"कुठं काय?"

"कुठं काय का म्हणते? देवीचा दोरा हाये थो. वाचकाच्याच पोराच्या दंडात!"

पारबताबाई विहाराच्या महिला मंडळाची अध्यक्ष. बाई मनानं चांगली होती, पण तिनं कानात सांगितलेली गोष्ट अर्ध्या विहाराला ऐकू जायची. बाबांनी पुस्तकावरून मान वर केली. सुगतनं बाही खाली ओढली, पण उशीर झाला होता. बाबांनी पान पुरं केलं आणि खूण ठेवून ग्रंथ मिटला. त्या दिवशी अर्थ सांगितला नाही.

खरं तर लोक यायचे ते अर्थ ऐकायलाच. बाबा, म्हणजे हिरामण चहांदे, एसटीच्या डेपोत मेकॅनिक होते. आषाढ पौर्णिमेपासून आश्विन पौर्णिमेपर्यंत, म्हणजे वर्षावासभर, विहारात रोज बुद्धाच्या शिकवणीचा ग्रंथ वाचायचा आणि समजावून सांगायचा, हे काम त्यांचं. नखांतलं ग्रीस कितीही घासलं तरी जायचं नाही, म्हणून पानं उलटायला त्यांनी एक पांढरा रुमाल ठेवला होता. सांगणं मात्र गॅरेजमधलंच. "गाडी बंद पडली तं तुम्ही बोनेटवर नारळ फोडता का?" असं ते विचारायचे. "फोडा. थे खोबरं खाऊन टाका, आन मंग बोनेट उघडा. दुःख हाये. दुःखाले कारण हाये. कारण सापडलं का दुरुस्ती हाये. बुद्धानं हेच सांगतलं." बायका पदर तोंडाला लावून हसायच्या, आणि म्हाताऱ्यांनासुद्धा जे भंतेजींकडून, म्हणजे भिक्खूंकडून, कळायचं नाही ते बाबांकडून कळायचं.

फक्त आमच्या घरातली गाडी त्यांना दुरुस्त करता येत नव्हती. सुगतला सिकलसेल होता. आमच्या भागात या रोगाचं नाव आता पोराटोरांना ठाऊक आहे, पण तेव्हा ते नागपूरला जाऊन कळलं. रक्तातल्या पेशी विळ्यासारख्या वाकड्या होतात आणि अडकतात. मग हातपाय, पाठ, कुठंही असं दुखायला लागतं की धडधाकट पोरगा जमिनीवर लोळतो. आमचा सुगत विशीच्या आतबाहेर होता, आणि अंगानं चौदाचा वाटायचा.

घरी आलो तेव्हा आई ओसरीवर दिव्याखाली तेंदूची पानं कापत बसली होती. ती विड्या वळायची. पानं भिजवायची, पत्र्याच्या मापानं कात्रीनं कापायची, तंबाखू भरायची आणि दोऱ्यानं बांधायची. तिचे हात थांबलेले मी सहसा पाहिले नाहीत.

"हे कोनं बांधलं?" बाबांनी सुगतची बाही वर करून विचारलं.

"मी," आई म्हणाली.

"कुठून आणलं?"

"पहाडीवरच्या देवीचं हाये."

"आपण बौद्ध हाओ."

"माईत हाये मले. दीक्षा मीबी घेतली. तुमच्या बाजूलेच उभी होती."

"मंग?"

"मंग काई नाई. पोराचं दुखते."

बाबा तिच्यासमोर बसले. ओरडले नाहीत. बाबा ओरडायचे नाहीत, समजावायचे, आणि ते जास्त कठीण जायचं. "पाह्य, नागपूरच्या डॉक्टरनं का सांगतलं? रक्तातला दोष हाये. तुह्यातला अर्धा, माह्यातला अर्धा. दोन अर्धे एका जागी आले आन त्याच्यात पुरा झाला. यात कोनाचा कोप नाई, कोनाचं पाप नाई. देवीचा संबंधच कुठं येते?"

हे त्यांनी तिला कितीदा सांगितलं असेल. त्यांना वाटायचं, कारण कळलं की माणसाला बरं वाटतं. त्यांना स्वतःला वाटायचंही.

"अर्धा माह्यातला," आई म्हणाली. "थेच तं. मीच देलं ना त्याले? मंग आता कोनाले तरी म्हणू का नाई, का वापस घे म्हणून?"

सुगतच बोलला.

"बाबा, राहू द्या ना. मले माईत हाये यानं काई होत नाई. पण हे बांधलं तवापासून आईले झोप लागते."

मी बाबांकडं पाहिलं. मला वाटलं, आता हे विरघळतील. सुगतसमोर ते नेहमी विरघळायचे. पण त्यांचं तोंड भलतंच झालं होतं.

"माह्या बहिणीले गोवर निघाला होता," ते म्हणाले. "यमुना नाव होतं. देवी आली म्हणून तिले घरात कोंडून ठेवली. दवाखाना चावडीमागं होता, हाक मारली तं आयकू गेली असती. कोनी नेली नाई. लिंबाच्या पाल्यावर मेली थे, आन तिच्या दंडात असाच दोरा होता. माह्या मायलेबी तवा झोप लागत होती. आज दोरा ठेवला तं उद्या तुही आई म्हणन, दवाखान्यात नको नेऊ, देवीपाशी ने."

"मी असं म्हणन?" आईनं विचारलं.

"माणूस म्हणते."

त्यांनी आईच्या मांडीवरची कात्री उचलली. सुगतनं दंड पुढं केला, हेही मला आठवतं. त्यानं अजिबात हट्ट केला नाही. दोरा कापून बाबांनी पानांच्या कातरणात टाकला आणि म्हणाले, "यानं काई होत नाई." मग कात्री परत आईच्या मांडीवर ठेवली, नीट, मूठ तिच्याकडं करून.

आई पानं कापू लागली. दुसऱ्या दिवशी कंत्राटदाराच्या माणसानं तिच्या विड्यांची आख्खी टोपली परत पाठवली. सगळ्या गाठी सैल. एवढ्या वर्षांत असं झालं नव्हतं. त्या रात्रीपासून ती झोपलीही नाही. मी कधीही जागी झाले की ती सुगतच्या उशाशी बसलेली असायची, त्याच्या उघड्या दंडावर हात ठेवून.

पौर्णिमा तोंडावर आली आणि सुगतला दुखणं उठलं. आधी पाय, मग पाठ. आम्ही त्याला भंडाऱ्याला मोठ्या दवाखान्यात नेलं. आई तिथंच राहिली, मीही राहिले. बाबा ड्युटी संपवून डेपोच्याच गाडीनं यायचे, थोडा वेळ बसायचे आणि वाचनाच्या वेळेला साकोलीला परत जायचे. वाचन खंडू द्यायचं नाही, असा विहाराचा नेम होता. आई त्यांच्याशी बोलत नव्हती. ते आले की ती पाणी आणायला उठून जायची.

"काल कोन्तं पान झालं?" सुगत विचारायचा. सलाईन लावलेला हात तेवढा स्थिर ठेवून बाकी अंगानं तळमळत असायचा, आणि तरी विचारायचा.

"दुःखाचं कारण संपलं," बाबा म्हणाले. "आता दुःखाचा शेवट. थे पौर्णिमेले वाचू, समाप्तीले."

"लवकर वाचा बाप्पा," सुगत म्हणाला आणि हसला. बाबाही हसायला गेले, पण त्यांना जमलं नाही.

समाप्तीचं वाचन दुपारीच असायचं आणि त्याला दरवर्षी भंतेजी येत. उरलेली पानं वाचून व्हायची, मग भंतेजी परित्राणपाठ, म्हणजे संकटापासून रक्षणाचा पाठ, म्हणायचे. बुद्धमूर्तीपासून एक पांढरं सूत निघायचं आणि सगळ्यांच्या हातांतून फिरत जायचं. पाठ संपला की त्याच सुताचे तुकडे करून भंतेजी प्रत्येकाच्या मनगटाला बांधायचे. नंतर खीर. बाबांना मात्र नेमकं त्याच वेळेला खिरीचं पातेलं उतरलं का ते बघायला जायचं असायचं. त्यांच्या मनगटाला धागा मी कधीच पाहिला नाही. "काळं का आन पांढरं का, सूत थे सूत," असं घरी म्हणायचे. विहारात म्हणत नसत, भंतेजींचा मान होता.

पौर्णिमेच्या दिवशी बाबा सकाळीच दवाखान्यात आले. सुगतला धाप लागली होती. डॉक्टरांनी बाबांना दाराशी नेलं. मी मागून गेले.

"छातीत उतरलंय," डॉक्टर म्हणाले. "रक्त लावलंय, ऑक्सिजन चालू आहे. जे आहे ते सगळं देतोय."

"आखीन काई राह्यलं का, डॉक्टरसाहेब? नागपूरले नेलं तं?"

"रस्त्यात काही झालं तर? मी नाही सांगणार हलवायला."

बाबा परत आत आले आणि खाटेच्या पायथ्याशी उभे राहिले. डेपोत एखादी गाडी काही केल्या चालू होत नसली की ते असेच उभे राहायचे, हात बाजूला सोडून. त्यांनी सुगतकडं पाहिलं. मग आईकडं. आई सुगतच्या दंडावरून हात फिरवत होती, पुन्हा पुन्हा त्याच एका जागेवरून. बाबा बराच वेळ तिच्या हाताकडं बघत राहिले.

"येतो मी," एवढंच म्हणाले आणि निघून गेले.

आईनं खिडकीतून त्यांना फाटकाबाहेर जाताना पाहिलं. "गेले," ती म्हणाली. "ग्रंथ संपवाले गेले."

"आई, ते औषधबिवषध आणायला गेले असतील."

"आज पौर्णिमा हाये, विशाखा. मले का माईत नाई? पोरगं इथं पडलं हाये आन याले पान पुरं कराचं हाये."

मला राग आला बाबांचा. असा राग मला त्याआधी कुणाचाच आला नव्हता. दुपार झाली तरी ते आले नाहीत. सुगतचे ओठ निळे पडत चालले. त्यानं एकदा नळी बाजूला करून विचारलं, "बाबा वाचून राहिले असतीन ना?"

"हो," आई म्हणाली. "तू गप राह्य."

"वाचू दे," सुगत म्हणाला.

त्यानंतर तो बोलला नाही. उन्हं उतरायच्या वेळेला गेला. आईनं त्याचं डोकं मांडीवर घेतलं होतं. नर्सनं नळी काढली, सलाईन काढलं आणि चादर ओढायला लागली तेव्हा आई म्हणाली, "तोंडावरून नका घेऊ. त्याले गरम होते."

बाबा आले तेव्हा वॉर्डातले दिवे लागले होते. धावत आले असावेत, शर्ट पाठीला चिकटला होता. त्यांनी आमच्याकडं पाहिलंच नाही. सरळ खाटेपाशी आले, खिशातून घडी घातलेला रुमाल काढला, तो पान उलटायचा पांढरा रुमाल, आणि त्यातून पांढरा धागा काढला. मग सुगतचा हात उचलला. उचलल्यावर त्यांना कळलं.

हात तसाच धरून ते खाली बसले.

"थे का हाये?" आईनं विचारलं. कितीतरी दिवसांनी ती त्यांच्याशी बोलली.

"परित्राणाचा धागा."

"कायले आणला?"

बाबा धागा बांधू लागले. इंजिनाचा बारीकसा स्क्रू अंधारात चाचपून बसवणारा माणूस, पण त्यांना ती गाठ जमेना. दोनदा सुटली. मी बांधू का म्हणून हात पुढं केला तर त्यांनी मान हलवली. शेवटी कशीतरी बसली. आई बघत होती. तिच्या डोळ्यांत पाण्याचा टिपूस नव्हता, आणि तेच मला सहन झालं नाही.

सकाळी घरी आंघोळ घालायच्या वेळेला आळीतल्या बायका जमल्या. पारबताबाईही होती. बाबा सुगतच्या पायाशी भिंतीला टेकून बसले होते. कुणीतरी विचारलं, मनगटातला धागा ठेवायचा का काढायचा. पारबताबाई म्हणाली, "राहू द्या, परित्राणाचा हाये थो."

आई उठली. ओसरीवर गेली आणि विड्यांच्या टोपलीतली कात्री घेऊन आली. बाबांपुढं धरली, नीट, मूठ त्यांच्याकडं करून.

"कापा," ती म्हणाली. "यानं काई होत नाई. तुमचा हात बसला हाये."

मला ओरडावंसं वाटलं, पण कुणावर ओरडायचं तेच कळेना. बाबांनी कात्री घेतली. सुगतचं मनगट दुसऱ्या हातात घेतलं आणि बसून राहिले. बायकांनी पाणी ओतलं, साबण लावला, अंग पुसलं, नवे कपडे चढवले. बाबांनी मनगट सोडलं नाही आणि कात्रीही लावली नाही. न्यायची वेळ झाली तेव्हा डेपोतल्या दोघांनी त्यांची बोटं एकेक करून सोडवली. धागा सुगतबरोबर चितेवर गेला.

तो दिवस नेमका कसा गेला होता, हे मला पारबताबाईनं सुगतच्या नावानं पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाल्यावर सांगितलं. या वेळी खरंच कानात सांगितलं, मला एकटीलाच ऐकू येईल असं.

"तुहे बाबा विहारात आले, पण थे वाचाले नाई बसले वो. आम्ही ग्रंथ पुढं ठेवला, तं त्याइनं हातबी नाई लावला. भंतेजी आले, त्याइच्यापाशी सरळ गेले आन सगळ्यायसमोर म्हणाले, 'मले एक धागा पाह्यजे.' भंतेजी म्हणाले, 'पाठ झाल्यावर देतो. बसा.' बसून राह्यले बिचारे. आख्खा पाठ होईस्तोवर सूत धरून. मधात उठू कसे म्हणून."

"मग?"

"मंग भंतेजींनी तुकडा देला. विचारलं त्याइनं, 'हिरामणजी, धाग्यानं रोग बरा होईल असं वाटतं तुम्हाला?' तं तुहे बाबा म्हणाले, 'नाई भंतेजी. मले नाई वाटत. पण पोराच्या आईले झोप लागल.'"

मी घरी आले ती तशीच आईपाशी गेले आणि सगळं सांगितलं. बाबा काय म्हणाले तेही, शब्दाला शब्द. आई विड्या बांधत होती. तिनं ऐकून घेतलं. बोटांतला दोरा तेवढा क्षणभर थांबला.

"सुगतनं तं त्याइले पह्यलेच सांगतलं होतं," ती म्हणाली आणि गाठ मारून विडी टोपलीत टाकली.

तिला त्यांचा राग राहिला नव्हता, हे मी शपथेवर सांगते. राग असता तर बरं झालं असतं. दोघं एकाच घरात राहिले, एकमेकांना भाकरी वाढली, आजारपणात पाय दाबले. बोलायचं तेवढं बोलले. पण आई पहाडीकडं परत कधी गेली नाही आणि बाबांनी ग्रंथ हातात घेतला नाही. ज्याच्यावर भिस्त ठेवावी असं दोघांकडंही काही उरलं नाही.

पुढच्या वर्षी वर्षावास लागायच्या आधी मंडळाची माणसं घरी आली. गेल्या वर्षीची समाप्ती अर्धवट राहिली होती, शेवटचं प्रकरण वाचलंच गेलं नव्हतं. ते आधी पुरं करायचं आणि मग नव्यानं सुरुवात करायची असं ठरलं होतं. बाबांनी हात जोडले. मग माझ्याकडं बोट दाखवलं.

आषाढ पौर्णिमेच्या संध्याकाळी मी ग्रंथ उघडला. बाबांची खूण जागच्या जागी होती, आणि पानाच्या कोपऱ्यावर ग्रीसचा पुसट ठसा. रुमाल ठेवूनही तेवढा लागलाच होता. बाबा आत आले नव्हते. बाहेर पायरीवर, चपलांच्या शेजारी, आमच्याकडं पाठ करून बसले होते. आई मात्र सगळ्यांत पुढं बसली होती. ती कधीच पुढं बसायची नाही.

मी वाचायला लागले. दुःखाला शेवट आहे. तो कसा आहे, तिथं कुठल्या वाटेनं जायचं, सगळं होतं त्यात. मी मध्येच एका ओळीशी अडले तर आई म्हणाली, "वाच. थांबू नको." मी वाचत गेले. तिनं माझ्या तोंडावरची नजर हलवली नाही. हिशेबानं बघितलं तर ती त्या पानासाठी नऊ महिने थांबली होती, आणि सुगत तर ते ऐकायचाच राहिला होता. शेवटची ओळ वाचून मी ग्रंथ मिटला. आता बाबांसारखा अर्थ सांगायचा होता. सगळे माझ्याकडं बघत होते.

"झालं?" आईनं विचारलं.

"झालं."

"इतकंच हाये?"

"इतकंच आहे, आई."

तिनं मान उंचावून मिटलेल्या ग्रंथाकडं पाहिलं, आणखी काहीतरी असेल अशा आशेनं. मग गुडघ्यावर हात टेकून उठली आणि पदर सारखा केला.

"मंग चाल घरी," ती म्हणाली. "पानं भिजू घातली हायेत."

बाहेर पायरीवर बाबा तसेच बसले होते. आई त्यांच्या शेजारून खाली उतरली, चपला घातल्या आणि थांबली. त्यांनी आपल्याबरोबर यावं म्हणून थांबली. बाबा उठले. दोघं एकामागून एक घराकडं चालायला लागले, मध्ये माणूसभर अंतर ठेवून, आणि दोघांपैकी कुणीच मागं वळून पाहिलं नाही.